कॉन्फिगर झालं, पण कोणत्या लायब्ररीवर?

संगणकीय संशोधनात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात सहसा आधीच लिहिलेला कोड पडतो. ग्रुपमधल्या कुणीतरी तो सात-आठ वर्षांपूर्वी लिहिलेला असतो. गाइड म्हणतात, "आधी हा तुझ्या मशीनवर बिल्ड कर, जुना निकाल परत काढून दाखव, मग पुढचं बोलू." काम सोपं वाटतं. कोड उतरवायचा, कॉन्फिगर स्क्रिप्ट किंवा सीमेक चालवायचं, मेक म्हणायचं, झालं. स्क्रीनवर भराभर ओळी सरकतात, प्रत्येकीच्या शेवटी 'येस' किंवा 'फाउंड' असं येतं आणि आपल्याला हायसं वाटतं.

या लेखात मला त्या 'येस'बद्दलच बोलायचं आहे. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कळलं नाही तर बिल्ड यशस्वी होऊनही तुम्ही वेगळाच प्रोग्राम चालवत असाल, आणि ते महिनोन्महिने लक्षातही येणार नाही. इथली उदाहरणं लिनक्सवरच्या सी भाषेतल्या कोडची आहेत. पायथन वापरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण नमपाय आणि सायपायच्या पोटात शेवटी हेच सगळं दडलेलं असतं.

एकाच लायब्ररीशी तीनदा गाठ

समजा, तुमचा कोड एचडीएफ५ वापरतो. मोठा वैज्ञानिक डेटा साठवण्यासाठी ही लायब्ररी खगोलशास्त्रापासून हवामानशास्त्रापर्यंत सगळीकडे चालते. तुमच्या प्रोग्रामची आणि हिची गाठ तीन वेगवेगळ्या वेळी पडते.

पहिली गाठ कंपाइल करताना. तेव्हा कंपायलर फक्त हेडर फाइल वाचतो. कोणतं फंक्शन आहे, त्याला किती आर्ग्युमेंट्स लागतात, परत येणारी किंमत किती बिटांची, हे सगळं तो हेडरवरून ठरवतो. दुसरी गाठ लिंक करताना. आता लिंकर प्रत्यक्ष लायब्ररीची फाइल उघडतो आणि त्या नावाचं फंक्शन तिच्यात आहे का एवढंच बघतो. तिसरी गाठ प्रोग्राम चालवताना. शेअर्ड लायब्ररी असेल तर दर वेळी प्रोग्राम सुरू होताना लोडर नावाचा घटक ती नव्याने शोधतो.

या तिन्ही वेळी एकच आवृत्ती सापडेल याची हमी कुणीच देत नाही. हेडर एका फोल्डरमधून, लायब्ररी दुसऱ्या आणि चालवताना तिसऱ्याच फोल्डरमधून येऊ शकते. घरच्या लॅपटॉपवर सगळं एकाच पॅकेज मॅनेजरने बसवलेलं असतं, त्यामुळे सहसा निभावतं. सामायिक क्लस्टरवर मात्र सिस्टिमची एक आवृत्ती, मॉड्यूल लोड करून मिळणाऱ्या तीन-चार आणि तुमच्या कोंडा एन्व्हायर्नमेंटमधली आणखी एक, अशी गर्दी असते.

मेळ बसला नाही तर काय होतं?

एचडीएफ५मध्येच याचं चांगलं उदाहरण आहे. या लायब्ररीत उघडलेल्या प्रत्येक फाइलला, डेटासेटला, ग्रुपला एक ओळख-क्रमांक मिळतो. १.८ मालिकेत हा क्रमांक ३२ बिटांचा होता. २०१६मध्ये आलेल्या १.१०पासून तो ६४ बिटांचा झाला.

आता १.८चं हेडर वापरून कंपाइल केलेला प्रोग्राम १.१०च्या लायब्ररीशी जोडला गेला, असं समजू. लिंकर तक्रार करेल का? नाही. सी भाषेत लिंकरला फक्त फंक्शनचं नाव दिसतं, त्याचे टाइप दिसत नाहीत, आणि फाइल उघडणाऱ्या फंक्शनचं नाव दोन्ही आवृत्त्यांत एकच आहे. चालवताना लायब्ररी ६४ बिटांचा क्रमांक परत करते, तुमचा कोड त्यातले खालचे ३२ बिट उचलतो आणि वरचे गळून पडतात. हा क्रमांक फाइलचा की डेटासेटचा, ही माहिती नेमकी त्या वरच्या बिटांत असते. म्हणजे पत्त्यातला गावच गेला, नुसता घर नंबर उरला.

एचडीएफ५च्या लेखकांना हा धोका माहीत होता. म्हणून हेडरमधले आवृत्तीचे आकडे कंपाइल होताना तुमच्या प्रोग्राममध्ये बसवले जातात आणि लायब्ररीला पहिल्यांदा हाक मारली की ती ते स्वतःच्या आकड्यांशी ताडून बघते. न जुळणारी आवृत्ती दिसली की लांबलचक संदेश छापून प्रोग्राम तिथेच थांबतो. पुढे गेल्यास डेटा खराब होऊ शकतो, असं त्या संदेशात स्पष्ट सांगितलेलं असतं.

त्याच संदेशात, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं की ही तपासणी बंद करता येते, असंही लिहिलेलं असतं. घाईतला माणूस नेमकी तेवढीच ओळ वाचतो. प्रोग्राम चालू होतो आणि सगळे खूश! कृपा करून हे करू नका. धुराची घंटा वाजतेय म्हणून तिची बॅटरी काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे.

आणि ही घंटा तरी सगळ्यांकडे कुठे असते? झेडलिबसारख्या काही लायब्ऱ्या अशी तपासणी करतात. बऱ्याच करत नाहीत. तिथे मेळ बसला नाही तर कधी प्रोग्राम मध्येच कोसळतो आणि कधी काहीच न बोलता चुकीचे आकडे देतो. कोसळलेला परवडला, तो निदान दिसतो.

कॉन्फिगर नेमकं काय विचारतं?

आवृत्ती तपासण्याच्या तीन पद्धती प्रचारात आहेत, आणि तिघींचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिली ऑटोकॉन्फची. जुन्या कोडमधली 'कॉन्फिगर' नावाची लांबलचक स्क्रिप्ट यातूनच तयार होते. ती एक छोटासा सी प्रोग्राम लिहिते, तो कंपाइल आणि लिंक करून बघते आणि जमलं तर 'येस' छापते. म्हणजे तिचा प्रश्न असतो, "या नावाचं फंक्शन मिळतंय का?" आवृत्ती ती सहसा विचारतच नाही. यामागे विचार आहे. आवृत्तीचा आकडा फसवा असू शकतो, कारण काही लिनक्स वितरणं आकडा जुनाच ठेवून आत नव्या दुरुस्त्या घालतात. तेव्हा आकड्यापेक्षा प्रत्यक्ष सोय आहे का ते बघावं. हे बरोबरच आहे, पण फंक्शन असणं आणि ते तुम्हाला हवं तसं वागणं यात अंतर आहे.

दुसरी पद्धत पीकेजी-कॉन्फिगची. लायब्ररी बसवताना तिच्याबरोबर पीसी असं एक्स्टेंशन असलेली एक छोटी मजकुराची फाइल ठेवली जाते. तिच्यात आवृत्ती, हेडरचा रस्ता आणि लिंक करण्याचे पर्याय लिहिलेले असतात. पीकेजी-कॉन्फिग ती फाइल वाचून उत्तर देतं, लायब्ररीला हातही लावत नाही. लायब्ररी नंतर कुणी बदलली आणि ही फाइल तशीच राहिली, तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तिसरी पद्धत सीमेकची. तिथे 'फाइंड-पॅकेज' या आज्ञेत हवी ती आवृत्ती सांगता येते. गंमत अशी, की ती आवृत्ती चालेल की नाही हा निर्णय बहुतेक वेळा सीमेक स्वतः घेत नाही. लायब्ररीने आपली सीमेक-फाइल बरोबर दिली असेल, तर तिच्या शेजारची आवृत्ती-फाइल तो निर्णय देते. काही लायब्ऱ्या म्हणतात, "मागितलेल्यापेक्षा नवी कुठलीही चालेल." काही म्हणतात, "पहिला आकडा तोच हवा." म्हणजे तुमच्या फाइलमधल्या त्याच एका ओळीचा अर्थ लायब्ररीगणिक बदलतो.

'किमान एवढी' म्हणणं पुरत नाही

बहुतेक रीडमीमध्ये एक ओळ सापडते: जीएसएल १.१६ किंवा त्यापुढची. जीएसएल म्हणजे ग्नू सायंटिफिक लायब्ररी. लिहिणाऱ्याने ही ओळ लिहिली तेव्हा १.१६ हीच सर्वांत नवी होती. 'त्यापुढची' हा शब्द त्याने सद्भावनेने घातला, भविष्य पाहून नव्हे.

२०१५मध्ये जीएसएल २.० आली. तिच्यात नॉनलिनियर लीस्ट स्क्वेअर्सच्या सॉल्व्हरची अंतर्गत रचना बदलली आणि जे नावाचा घटक, ज्यात जेकोबियन मॅट्रिक्स असायची, तो काढून टाकला गेला. तो घटक थेट वापरणारे जुने कर्व्ह-फिटिंगचे प्रोग्राम त्यानंतर कंपाइल होईनात. 'किमान १.१६' ही अट तर पूर्ण झाली होती, कॉन्फिगरने हिरवा कंदील दाखवला होता. अडलं ते मेकच्या पायरीवर.

म्हणून आवृत्तीची अट दोन्ही बाजूंनी लिहावी: किमान अमुक, आणि तमुकच्या आत. सीमेक ३.१९पासून 'फाइंड-पॅकेज'मध्ये अशी कक्षा थेट देता येते. वरची मर्यादा कुठे ठेवायची? जिथपर्यंत तुम्ही स्वतः चालवून पाहिलं आहे तिथपर्यंत.

इथे आणखी एक घोळ होतो. लायब्ररीच्या फाइलच्या नावात डॉट एसओनंतर जो आकडा असतो, ज्याला सोनेम म्हणतात, तो लायब्ररीची आवृत्ती असतोच असं नाही. जीएसएल २.५च्या फाइलवर २३ हा आकडा आहे. तो बायनरी पातळीवरची सुसंगतता दाखवतो. जुना प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता चालणार नसेल, तेव्हा लेखकाने तो बदलायचा असतो. तेव्हा फाइलच्या नावावरून आवृत्तीचा अंदाज बांधू नका.

१.९ मोठी की १.१०?

गणितात १.९ मोठा. आवृत्त्यांत १.१० मोठी, कारण टिंब इथे दशांशचिन्ह नसून दोन वेगळ्या पूर्णांकांमधली खूण आहे. माणसाला हे सांगितल्यावर कळतं, स्क्रिप्टला वेगळं सांगावं लागतं.

शेलमध्ये दोन आवृत्त्यांची तुलना शब्द म्हणून केली तर अक्षरामागून अक्षर बघितलं जातं. पहिले १ आणि टिंब जुळतात, मग १ आणि ९ समोरासमोर येतात, १ लहान, म्हणून १.१० लहान. एचडीएफ५ १.८वरून १.१०वर गेली तेव्हा अशी तुलना करणाऱ्या स्क्रिप्टला नवी लायब्ररी जुनी वाटणार हे उघड आहे. आकडा म्हणून तुलना केली तर त्याहून वाईट, कारण १.१० म्हणजे १.१. पायथन ३.१० आलं तेव्हा यामल फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं ३.१० हे ३.१ असं वाचलं जायचं, ते याच कारणाने.

उपाय सोपे आहेत. शेलमध्ये सॉर्ट आज्ञेला कॅपिटल व्ही पर्याय द्या. सीमेकमध्ये साध्या तुलनेऐवजी 'व्हर्जन-लेस' हा शब्द वापरा. पायथनमध्ये पॅकेजिंग नावाचं मॉड्यूल आहे, ते वापरा. स्वतःची तुलना लिहायला बसू नका.

क्लस्टरवरचे तीन खड्डे

पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म असो नाही तर तुमच्या विभागातला आठ नोडचा छोटा क्लस्टर, हे खड्डे सगळीकडे आहेत.

पहिला खड्डा सीमेकच्या कॅशचा. सीमेकला एकदा लायब्ररी सापडली की तिचा रस्ता बिल्ड फोल्डरमधल्या कॅश फाइलमध्ये लिहिला जातो. तुम्ही नंतर नवं मॉड्यूल लोड केलंत आणि सीमेक पुन्हा चालवलंत, तरी ते जुनाच रस्ता धरून बसतं. मॉड्यूल बदललं की बिल्ड फोल्डर पूर्ण काढून टाका आणि नव्याने सुरू करा. सीमेक ३.२४पासून यासाठी 'फ्रेश' हा पर्यायही आहे.

दुसरा खड्डा कोंडाचा. कोंडा एन्व्हायर्नमेंट चालू असेल तर तिचं बिन फोल्डर पाथमध्ये सर्वांत पुढे असतं. सीमेक लायब्ऱ्या शोधताना पाथमधल्या या फोल्डरांच्या आजूबाजूलाही डोकावतं, आणि एचडीएफ५ शोधताना तर त्या लायब्ररीचा स्वतःचा रॅपर कंपायलर कुठे आहे तेही बघतं. तो कोंडामधला निघाला की हेडर कोंडाचं आणि बाकी सगळं मॉड्यूलचं, अशी खिचडी होऊ शकते. सी-सी++चा कोड बिल्ड करण्याआधी कोंडा डिअ‍ॅक्टिव्हेट करा. नाहीतर सगळंच कोंडातून घ्या, कंपायलरसकट.

तिसरा खड्डा इन्स्टॉलचा. सीमेक बिल्ड करताना प्रोग्रामच्या आत लायब्ररीचा रस्ता लिहून ठेवतं, त्याला आरपाथ म्हणतात. पण 'मेक इन्स्टॉल' केलं की, वेगळं सांगितलं नसेल तर, तो रस्ता पुसला जातो. म्हणून बिल्ड फोल्डरमध्ये एक लायब्ररी घेऊन नीट चालणारा प्रोग्राम इन्स्टॉल झाल्यावर दुसरीच उचलू शकतो. तुमच्या चाचण्या पहिल्या प्रोग्रामवर झालेल्या असतात आणि निकाल दुसरा देतो.

हे सगळं निकालापर्यंत पोचतं का?

'एवढ्याशा आवृत्तीने काय फरक पडतो' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन प्रकाशित अभ्यास सांगते.

२०१२मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. मेंदूच्या एमआरआयवरून भागांची घनफळं मोजणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरच्या ४.३.१, ४.५.० आणि ५.०.० या आवृत्त्या त्यांनी त्याच स्कॅन्सवर चालवल्या. घनफळांत सरासरी ८.८ टक्के आणि मेंदूच्या बाह्यपटलाच्या जाडीत सरासरी २.८ टक्के फरक आला. सॉफ्टवेअर तेच ठेवून नुसती ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली, तरी साधारण याच्या निम्मा फरक दिसला. रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यातला फरक शोधणाऱ्या अभ्यासात असा फरक मिसळला तर निष्कर्षाचं काय होईल, विचार करा.

२०१५मध्ये ग्लाटार्ड आणि सहकाऱ्यांनी फ्रंटियर्स इन न्यूरोइन्फॉर्मॅटिक्समध्ये याच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. वेगवेगळ्या लिनक्सवर तीच साधनं चालवून त्यांनी फरक कुठे सुरू होतो ते शोधलं. सूत्र पोचलं सिस्टिमच्या गणित-लायब्ररीपर्यंत. घातांक, कोसाइन अशी साधी फंक्शन्स आवृत्ती बदलल्यावर शेवटच्या बिटांत किंचित वेगळं उत्तर देत होती, आणि लांबलचक गणनेत हा किंचितपणा वाढत जात होता. लायब्ररी प्रोग्रामच्या आतच बांधून टाकली, म्हणजे स्टॅटिक लिंक केली, की हे फरक कमी होत होते.

लक्षात घ्या, यात कुणाचीही लायब्ररी चुकीची नव्हती. शेवटच्या बिटाबाबत दोन्ही उत्तरं मान्य करण्यासारखीच होती. प्रश्न एवढाच, की तुमचा निकाल कोणत्या उत्तरावर उभा आहे हे तुम्हाला सांगता येतं का?

मग करायचं काय?

एक. कॉन्फिगरचं पूर्ण आउटपुट फाइलमध्ये ठेवा आणि वाचा. 'फाउंड' या शब्दापेक्षा त्यापुढचा रस्ता महत्त्वाचा. ऑटोकॉन्फ असेल तर कॉन्फिग डॉट लॉग उघडा, सीमेक असेल तर कॅश फाइल. हेडर आणि लायब्ररी एकाच मूळ फोल्डरमधून येतायत ना, ते बघा.

दोन. एकदा तरी मेक 'व्हर्बोज' करून चालवा. कंपायलरला प्रत्यक्ष कोणते पर्याय दिले गेले ते तेव्हाच दिसतं.

तीन. तयार झालेल्या प्रोग्रामवर एलडीडी चालवा. लोडर कोणती फाइल उचलणार ते ती आज्ञा दाखवते. हे लॉगिन नोडवर न करता जॉब स्क्रिप्टच्या आतून, कॉम्प्युट नोडवर करा, कारण तिथलं एन्व्हायर्नमेंट वेगळं असू शकतं.

चार. प्रोग्रामलाच विचारा. जीएसएलच्या हेडरमध्ये आवृत्तीचा एक मॅक्रो असतो आणि लायब्ररीच्या आत त्याच माहितीचं वेगळं व्हेरिएबल असतं. मॅक्रो कंपाइल करतानाची आवृत्ती सांगतो, व्हेरिएबल चालवतानाची. एचडीएफ५ आणि झेडलिबमध्ये चालवतानाची आवृत्ती सांगणारं फंक्शन असतं. प्रोग्राम सुरू होताना हे दोन्ही आकडे छापा, आणि जुळले नाहीत तर पुढे न जाता थांबा. चार-पाच ओळींचं काम आहे.

पाच. तेच आकडे आउटपुट फाइलमध्येही लिहा. एचडीएफ५ फाइलला अ‍ॅट्रिब्यूट म्हणून जोडता येतात. दोन वर्षांनी रेफरीने विचारलं तर उत्तर निकालाच्या फाइलमध्येच सापडेल, आठवणीवर विसंबावं लागणार नाही.

सहा. शक्य असेल तिथे हे काम साधनाकडे सोपवा. स्पॅक किंवा गिक्स वापरलंत तर कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीसह, कोणत्या पर्यायांनी बांधली याची पूर्ण यादी मिळते. पण म्हणून वरच्या पाच गोष्टी माहीत नसल्या तरी चालतील असं समजू नका. साधन अडलं की याच गोष्टी शोधाव्या लागतात.

हे सगळं करायला एखादी दुपार जाते. प्रबंधाच्या 'पद्धती' प्रकरणात आपण नमुन्यांची संख्या लिहितो, उपकरणाचं मॉडेल लिहितो, रसायनाची शुद्धतासुद्धा लिहितो. आपल्या कामात लायब्ररीची आवृत्ती ही त्याच यादीतली एक नोंद आहे. जुना निकाल परत काढताना तुमचा आकडा आधीच्या विद्यार्थ्याच्या आकड्याशी जुळला नाही, तर लगेच त्याला किंवा स्वतःला दोष देऊ नका. आधी दोघांच्या एलडीडीच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. आणि त्याने यादी ठेवलीच नसेल, तर निदान तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी तुम्ही ठेवा.